आशिया खंडात बावडा

बुद्धघोष साबळे याने बावड्याच्या विकास सोसायटीच्या टेबलावर आशिया खंडाचा नकाशा पसरला, तेव्हा चेअरमन दत्तोबा तात्यांनी चष्मा चढवला आणि ते त्यात बावडा शोधू लागले.

"न्हाय दिसत," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "इंदापूर बी न्हाय. कुणी काढलाय ह्यो?"

"सिंगापूरला छापलाय, तात्या."

"मग बराबर हाय. त्यास्नी काय म्हाईत असणार?"

नकाशावर लाल बाण होते आणि सगळे वर चालले होते. इमारतीत आग लागली की बोंब मारणारी, चोर शिरला की कळवणारी यंत्रं आशिया खंडात दुपटीने खपणार, दोन हजार साल उजाडायच्या आत घरटी एक होणार, असं त्या बाणांचं म्हणणं होतं. साल शहाण्णव होतं, म्हणजे चारच वर्षं हातात होती. पुण्याच्या कंपनीने मग आशियाचा वाटा भारताला, भारताचा महाराष्ट्राला, महाराष्ट्राचा पुणे जिल्ह्याला असा भागाकार करत करत इंदापूर तालुक्याच्या नावावर पाच नग टाकले होते. भागाकारात चूक नव्हती. फक्त इंदापूर तालुक्याला कुणी विचारलं नव्हतं.

बुद्धघोषाची नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. मार्चअखेर पाच नग खपले तर कायम, नाहीतर नारळ. त्यासाठी त्याने बारामतीच्या एमआयडीसीतली कायम पाळी सोडली होती. बारामतीजवळच्या जळोचीत त्याचे वडील, रिटायर शिक्षक ज्ञानदेव गुरुजी, दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "चांगली कायम नोकरी सोडून कोणी भोंगे विकत हिंडतं का? मार्चअखेर बघू." त्या 'बघू'ने बुद्धघोषाची झोप उडाली होती. फेब्रुवारी लागला तरी एक नग खपला नव्हता. इंदापूरच्या एका थेटरवाल्याने तर तोंडावर सांगितलं होतं, "आग लागली की पब्लिक आपसूक वरडतंय. त्याला येगळा भोंगा कशाला?"

दत्तोबा तात्यांचं मत काही फार वेगळं नव्हतं.

"हे बघा साबळे," ते म्हणाले, "आमच्या गोदामात खत हाय, बारदान हाय. आग लागली की आधी वास येतो, मग धूर येतो, मग शेजारचा येतो. तुमचं यंत्र कितवं येणार?"

"पयलं येणार, तात्या. वासाच्या बी आधी. दाखवू का?"

लाईट नव्हती, पण यंत्राला बॅटरी होती. बुद्धघोषाने धूर हुंगणारी ती पांढरी वाटी खुंटीला टांगली, भोंगा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला आणि वर्तमानपत्राची सुरळी पेटवून वाटीखाली धरली. पुढच्या क्षणी असा काही आवाज झाला की तात्यांच्या हातातली कपबशी टेबलावर आली, बाहेरची दोन कुत्री नदीच्या दिशेने गेली आणि पिंपळावरचे बगळे उठले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत.

"बंद करा," तात्या कानावर हात ठेवून म्हणाले. "आगीनं मेलेलं परवडलं."

बुद्धघोषाने नकाशाची घडी घातली आणि पडलेल्या चेहऱ्याने इंदापूरची एसटी धरली. वर पंखा फिरायला लागला होता, म्हणजे नेमकी तेव्हाच लाईट आली होती, इकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

लक्ष गेलं ते गोजरबाईचं. गोजरबाईचा दोन एकर ऊस नीरेच्या काठाला होता आणि गावातल्या सगळ्यांसारखीच ती लाईटीची गुलाम होती. मोटारीची थ्री फेज लाईट कधी सकाळी दहाला यायची, कधी दुपारी तीनला, कधी यायचीच नाही. त्यामुळे घरटी एक माणूस दिवसभर मोटारीपाशी बसून असायचा. त्या दिवशी गोजरबाई डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन सोसायटीसमोरून चालली होती. भोंगा कडाडला. ती दचकून तशीच झपाझपा रानात गेली, पेटीचं बटण दाबलं, तर मोटार चालू. तिने भारा खाली टाकला आणि विचार केला. तिला दोन गोष्टी दिसल्या, भोंगा आणि लाईट. तिने त्या एकीला एक जोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोसायटीच्या पायरीवर हजर.

"तात्या, लई झ्याक काम केलंसा. तीन वर्सं त्या मोटारीपाशी ढेकळं मोजत बसलेय म्या. आता भोंगा वाजला की जायाचं. रोज वाजिवणार नव्हं?"

तात्या काही बोलायच्या आत तिच्या मागे आणखी वीसपंचवीस माणसं गोळा झाली होती. सगळ्यांच्या तोंडी तात्यांचंच नाव. आमदाराला जमलं नाही ते चेअरमनने केलं, असंही कुणी म्हणालं. सोसायटीची निवडणूक मे महिन्यात होती. असल्या वेळी गैरसमज दूर करणारा माणूस चेअरमन होत नसतो. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"तुमच्यासाठीच चाललंय सगळं," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी बारामतीला ट्रंक कॉल लावला.

बुद्धघोष पहिल्या एसटीने आला. तात्यांनी दार लोटून घेतलं.

"घेतलं तुमचं यंत्र. पर एक हाय. लाईट आली की वाजलं पायजे."

"तात्या, ही आगीची घंटा हाय."

"आग लागल्यावर बी वाजू द्या की. आमी कुठं न्हाय म्हणतो? पर आग काय वर्सातनं एकदा लागल न लागल. लाईट रोज जाती. तुमचं यंत्र नुसतं बसून खाणार का?"

बुद्धघोष शाळामास्तरचा मुलगा होता. खोटं बोललं की त्याचे कान लाल व्हायचे. पण मार्च तोंडावर होता आणि 'बघू' कानात वाजत होता. गावचा वायरमन रविराज हा चाळिशीचा खटपट्या गडी. त्याने आपल्या अवजारांच्या पेटीतला एक जुना रिले काढून अर्ध्या तासात तिन्ही तारांची लाईट आली की भोंगा मिनिटभर वाजेल अशी जोडणी करून दिली. कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'ग्राहकाने यंत्रणा बसवण्याचे कारण'. बुद्धघोषाने तिथे 'आग' लिहिलं. कान लाल झाले, पण फॉर्मवर ते दिसत नव्हतं.

मग जे झालं त्याला थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. बावड्याची माणसं दिवसा गावात दिसू लागली. कुणी दाढी करतंय, कुणी पारावर पत्ते कुटतंय, बायका दळण आणतायत, आणि भोंगा वाजला की सगळी रानाकडे पळतायत. हे शेजारच्या गावांनी पाहिलं. पंधरा दिवसांत शेजारच्या सोसायटीचा चेअरमन स्वतः जळोचीला आला. त्याला यंत्र हवं होतं, पण बावड्यापेक्षा मोठ्या आवाजाचं. त्याच्या पलीकडच्याला त्याहून मोठं. एका गावाने दोन भोंगे घेतले, कारण त्या गावात पार्ट्या दोन होत्या आणि एकीच्या भोंग्यावर दुसरी मोटार चालू करायला तयार नव्हती. बुद्धघोष प्रत्येक फॉर्मवर 'आग' लिहीत गेला. सहाव्या फॉर्मपासून कान लाल व्हायचेही थांबले.

एक छोटी अडचण मात्र झाली. सोसायटीच्या मासिक सभेला संचालक बिड्या ओढायचे. पहिल्याच सभेत विषय क्रमांक दोनला वाटीला धूर लागला, भोंगा वाजला, अख्खं गाव रानात पळालं आणि लाईट नाही म्हणून शिव्या देत परत आलं. तेव्हापासून सगळ्या गावांत त्या पांढऱ्या वाट्यांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या घालून वर रबर चढवण्यात आलं. आता आग लागली असती तर यंत्राला कळलं नसतं, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मार्चच्या मध्यावर सतरा नग झाले. पुण्याने आकडे मुंबईला पाठवले, मुंबईने सिंगापूरला. तिथे आशिया खंडाच्या बैठकीत पडद्यावर तक्ता लावला, तर इंदापूर तालुक्याचा खांब एवढा उंच की पडद्याबाहेर जाऊन छताला लागला. मुंबईचे मोठे साहेब वखारिया यांना सगळ्यांनी विचारलं, की तुमच्या त्या खेड्यांतल्या लोकांत आगीविषयी एवढी जागृती आली कुठून? वखारियांना माहीत नव्हतं. त्यांनी पुण्याला कळवलं: अठ्ठावीस मार्चला येतो, बावडा दाखवा. बी. घोष यांना हजर ठेवा, त्यांच्या कायम नेमणुकीचं पत्र मीच देईन. कंपनीच्या कागदांवर बुद्धघोषाचं 'बी. घोष' झालं होतं आणि मुंबईत सगळे त्याला बंगाली समजत होते.

अठ्ठावीस तारखेला सकाळी सातलाच बुद्धघोष बावड्यात पोचला.

"तात्या, पाया पडतो. तासाभरासाठी पिशव्या काढा, बिड्या बंद ठेवा."

"काढू की. पर यंत्र वाजवून दावा म्हणला साहेब, तर? लाईट तर न्हाय. लोक पळत्याल आणि माघारी येऊन आपल्याला धरत्याल."

तोच तर घोर होता. शेवटी रविराजने भोंग्याची तार काढून ठेवली. वाटीवरचा तांबडा दिवा तेवढा लुकलुकेल, भोंगा गप्प राहील, आणि साहेबाला सांगायचं की गावात आजारी माणसं आहेत म्हणून आवाज बंद ठेवलाय. बेत चोख होता.

दुपारी तीनला पांढरी कॉन्टेसा गाडी आली. वखारिया साहेब उतरले. टाय लावलेला माणूस बावड्याने निवडणुकीतही पाहिला नव्हता, त्यामुळे समोरच्या सलूनमधली, हॉटेलातली माणसं जागच्या जागी वळून बघू लागली. साहेबांनी बुद्धघोषाचा हात हातात घेतला.

"घोषबाबू, तुम्ही मराठी फार चांगलं शिकलात."

"प्रयत्न केला साहेब," बुद्धघोष म्हणाला.

आत साहेबांनी वाटी पाहिली, पेटी पाहिली, आणि मग त्यांना सुटलेली तार दिसली. आजारी माणसांचं कारण बुद्धघोषाच्या ओठांपर्यंत आलं, पण वखारिया मुळात इंजिनियर होते. इंजिनियरला सुटलेली तार दिसली की त्याला माणूस दिसत नाही. त्यांनी खिशातून चिमुकला स्क्रूड्रायव्हर काढला, तार घट्ट केली, रुमालाने हात पुसला आणि काडी पेटवून वाटीखाली धरली.

भोंगा कडाडला.

बाहेर अर्धी दाढी झालेला एकजण गळ्यातल्या कापडासकट सलूनमधून सुटला. हॉटेलातले चहा टाकून उठले. पत्त्यांचा डाव पारावर तसाच पडला. सोसायटीतले दोन संचालक साहेबांना धक्का देऊन खिडकीतून उतरले, कारण दारात गर्दी होती. मिनिटभरात सगळा चौक रिकामा झाला. एक म्हातारा तेवढा काठी टेकत, रडकुंडीला येऊन त्यांच्यामागे चालला होता.

बुद्धघोषाने डोळे मिटले. त्याला जळोचीचं घर दिसलं आणि दारात वडील.

"घोषबाबू," साहेबांचा आवाज आला. तो कापत होता. "सिंगापूरला, चौदा मजल्यांची इमारत, सराव असताना रिकामी करायला नऊ मिनिटं लागतात. इथे अख्खं गाव एका मिनिटात बाहेर? हे तुम्ही शिकवलं?"

बुद्धघोषाने डोळे उघडले. उत्तर तात्यांना सुचलं.

"रोजचा सराव हाय, साहेब," ते म्हणाले.

यानंतर साहेब लगेच गेले असते तर बरं झालं असतं. पण ते चहाला थांबले. वीस मिनिटांत माणसं परत आली. मोटार चालू न झालेला शेतकरी कसा दिसतो हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. सगळ्यांच्या खांद्यावर पाटाचं पाणी वळवायची खोरी होती. पुढे गोजरबाई होती.

"हे... हे परत कशाला आले?" साहेबांनी विचारलं.

"आग इझवाया," तात्या बसल्या जागेवरून म्हणाले. "माती टाकत्याल."

"खोऱ्यासकट! म्हणजे आधी बाहेर पडायचं, मग अवजारं घेऊन परत यायचं," साहेब वहीत लिहायला लागले.

"कुणी वाजिवला?" गोजरबाई दारात येऊन म्हणाली. "तात्या, लाईट कुठाय?"

साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी वरच्या बंद पंख्याकडे पाहिलं, मग गोजरबाईकडे मोठ्या आदराने पाहिलं.

"मेन स्विचसुद्धा बंद केला? आमच्या पुस्तकात पान चौदावर आहे हे. ते कोणीच वाचत नाही."

गोजरबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तात्या तिला हातानेच गप्प बस म्हणून खुणावत होते. निवडणुकीतलं काहीतरी असेल असं समजून ती गप्प बसली. बाकीचे कुजबुजत उभे राहिले. साहेबांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातून पत्र काढलं. कायम नेमणुकीचं. बुद्धघोषाला अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलताना दिसली. साहेबांनी टेबलावर कागद ठेवला, पेनचं टोपण काढलं आणि सही करायला घेतली. 'वखा' झालं.

तेवढ्यात पंखा फिरू लागला आणि भोंगा वाजला.

आता कुणी काडी पेटवली नव्हती, म्हणजे साहेबांच्या हिशेबाने ही आग खरी होती. स्वतःच्या कंपनीचं पान चौदा त्यांना पाठ होतं. ते पेन आणि कागद हातात घेऊन सगळ्यांत आधी दाराबाहेर पडले. मागून गावाचा लोंढा आला आणि टायसकट त्यांना घेऊन गेला. बुद्धघोष मागे धावत सुटला, कारण त्याची अर्धी नोकरी साहेबांच्या हातात होती.

तो गोजरबाईच्या उसात पोचला, तेव्हा वखारिया साहेब घोट्याएवढ्या चिखलात उभे होते. एका हातात पत्र होतं, दुसऱ्यात खोरं. मोटार चालू झाली होती आणि गोजरबाई पेटीपाशी उभी राहून ओरडत होती.

"अवो दादा, बघताय काय, तेवढं दारं मोडा. पानी शेजारच्यात चाललंय."

साहेबांनी बांध फोडला. तसा बरा फोडला. पाणी सरीत वळल्यावर त्यांनी घाम पुसला आणि विचारलं, "बाई, आग कुठे लागली?"

"आग कशाची? लाईट आली," गोजरबाई म्हणाली. आणि मग, मोटार चालू झाल्याच्या समाधानात, तिने सगळं सांगितलं. मोटारीपाशी काढलेली तीन वर्षं, तात्यांची करामत, रविराजची जोडणी, शेजारच्या गावांचे मोठे भोंगे, एका गावाचे दोन, आणि दुधाच्या पिशव्याही. "लई गुणाचं पोरगं हाय ते साबळ्यांचं," ती शेवटी म्हणाली. "त्येनं आमचं हाल वाचिवलं."

बुद्धघोष सरीत खाली मान घालून उभा होता. कान इतके लाल झाले होते की त्याला स्वतःला ऊब लागत होती.

"साहेब, चूक माझी आहे," तो म्हणाला. "सतरा फॉर्मवर मी खोटं लिहिलं. आग एका गावातसुद्धा नाही."

साहेब चिखलात उभे राहून उसापलीकडे बघत होते. सगळ्या शिवारात एकामागून एक मोटारी सुरू होत होत्या. दूरवर दुसऱ्या गावाचा भोंगा वाजला, मग त्याहून मोठा तिसऱ्याचा.

"घोषबाबू," खोरं चिखलात रोवून साहेब म्हणाले, "इमारतीला आग साधारण किती वर्षांनी लागते?"

"पन्नास वर्षांत एखाद्या वेळी, साहेब."

"आणि लाईट किती वेळा जाते?"

"रोज."

"देशात खेडी किती?"

"सहा लाखाच्या आसपास."

साहेबांनी खोऱ्याचं पातं चिखलातून वर काढलं, टायने पुसलं, त्यावर कागद ठेवला आणि 'रिया' लिहून सही पुरी केली. मग खाली एक ओळ वाढवली. बुद्धघोषाला त्यांनी कायम तर केलंच, वर लाईट आल्याची वर्दी देणाऱ्या भोंग्यांचं एक नवं खातं काढून त्याचा प्रमुख केलं.

जूनमध्ये नवा नकाशा आला. त्यात बावडा होता आणि सगळे लाल बाण तिथूनच निघून वर चालले होते. बुद्धघोषाला पुढच्या वर्षासाठी पाच हजार नग दिले होते. ज्ञानदेव गुरुजींनी सोबत आलेलं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलं आणि मुलाला स्वतः उठून पाणी दिलं.

त्या आठवड्यात एका दुपारी दोघं जळोचीच्या घरी जेवायला बसले होते. वर पंखा गरगर फिरत होता.

"बघितलंस का," गुरुजी भाकरी मोडत कौतुकाने म्हणाले, "सकाळपासून लाईट एकदासुद्धा गेली नाही. नवं सबस्टेशन झालंय म्हणे. आता अशीच राहणार. अखेर देश सुधारतोय."

बुद्धघोषाचा घास हातातच राहिला. पंख्याकडे बघत त्याने मनातल्या मनात तास मोजले. सहा झाले होते, आणि ती अजून जायचं नाव घेत नव्हती.